थोड्या पैशांत पहिला रेंजफाइंडर : वाचकांचे प्रश्न

लेन्स बदलता येणाऱ्या फिल्म रेंजफाइंडर कॅमेऱ्यांविषयी आलेल्या पत्रांतून निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. ज्यांनी हा कॅमेरा हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, यात लेन्समधून पाहायचे नसते. शेजारच्या खिडकीतून पाहताना मध्यभागी एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सचे कडे फिरवून त्या एकमेकींवर आणल्या की फोकस जुळतो. साहजिकच कॅमेऱ्याचे मोल त्याच्यावर कोरलेल्या नावापेक्षा या जुळणीच्या अचूकतेवर ठरते.

प्रश्न : गेली दोन वर्षे मी फिल्मच्या एसएलआरवर (लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यावर) काम करत आहे. आता रेंजफाइंडर घ्यायचा आहे. लेन्स धरून तीस हजार रुपयांच्या आत काय बसेल? लायकाचा नाद सोडावा का? (पुणे)

लायका या जर्मन कंपनीच्या एम मालिकेचा नाद तूर्त सोडावा, कारण एवढ्या रकमेत चांगल्या स्थितीतील बॉडी आणि लेन्स दोन्ही मिळणार नाहीत. मात्र लायकाने एम मालिकेपूर्वी वापरलेला ३९ मिमीचा स्क्रू माउंट (लेन्स बसवण्याची आट्यांची जोडणी) जपानी आणि सोव्हिएत कारखान्यांनीही उचलला होता, आणि थोड्या पैशांतील खरेदीची खरी वाट तिथूनच जाते. या माउंटचा मोठा फायदा असा की त्याच्या लेन्स १ मिमी जाडीची कडी लावून पुढे केव्हाही एम माउंटच्या कॅमेऱ्यावर बसवता येतात. उलट दिशेने मात्र हे जमत नाही. आज घेतलेली स्क्रू लेन्स त्यामुळे उद्याही उपयोगी पडते.

सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे सोव्हिएत बनावटीचे झोर्की-४ आणि फेड-२. झोर्की-४ मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथे १९५६ ते १९७३ या काळात तयार होत होता. फेड-२ युक्रेनमधील खार्किवचा, ज्या कम्यूनमध्ये (सामूहिक वसाहतीत) या कारखान्याची सुरुवात झाली तिला सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की याचे नाव होते आणि त्याचीच आद्याक्षरे कॅमेऱ्यावर आली. झोर्की-४ मध्ये १ सेकंदापासून १/१००० सेकंदापर्यंतचे वेग मिळतात. फेड-२ मध्ये संथ वेग नाहीत, पण जुळवायच्या दोन प्रतिमा ज्यांतून येतात त्या त्याच्या दोन खिडक्यांमधील अंतर ६७ मिमी असल्याने फोकस अधिक काटेकोर साधतो. माझा कल फेड-२ कडे आहे, कारण त्याची यंत्रणा साधी आहे आणि साध्या यंत्रात बिघडण्यासारखे कमी असते. दोन्हींचे मागचे झाकण पूर्ण निघते, त्यामुळे जुन्या स्क्रू माउंट लायकाप्रमाणे फिल्मचे टोक लांब कापून ती खालून सरकवण्याचा खटाटोप करावा लागत नाही. मात्र एक नियम पाळलाच पाहिजे : आधी फिल्म पुढे ओढून शटर चढवावे आणि मगच वेगाची चकती फिरवावी. हा क्रम उलटा झाल्यास यंत्रणा बिघडू शकते, आणि वापरलेल्या झोर्कींपैकी कितीतरी याच कारणाने निकामी झालेले असतात.

यापेक्षा वरचा पर्याय कॅनन पी. हा १९५० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आला. त्याच्या शटरचा पडदा पोलादी आहे, सर्वोच्च वेग १/१००० सेकंद आहे आणि व्ह्यूफाइंडरमध्ये (पाहण्याच्या खिडकीत) दृश्य डोळ्याला दिसते तेवढ्याच आकाराचे दिसते. त्या पोलादी पडद्यावर बहुधा सुरकुत्या असतात. त्या पाहून घाबरू नये, पडदा अडखळत नसेल तर छायाचित्रावर त्यांचा परिणाम होत नाही. १९६१ च्या कॅनन ७ मध्ये प्रत्येक लेन्स किती दृश्य टिपेल हे दाखवणारी चौकट वेगवेगळी निवडता येते, म्हणून तो वापरायला अधिक सोयीचा आहे; त्याचा सेलेनियमवर चालणारा मीटर (प्रकाशमापक) आता मंदावला असेल असे गृहीत धरूनच किंमत ठरवावी. कोसिना कंपनीचा २००० सालचा फोक्टलेंडर बेसा आर या सर्वांत नवा आहे आणि त्याचा मीटर लेन्समधून आलेला प्रकाश मोजतो, पण तुमच्या रकमेत तो लेन्ससह बसणे अवघड दिसते.

तीस हजारांपैकी निदान पाचवा हिस्सा सर्व्हिसिंगसाठी राखून ठेवावा. साठ वर्षांच्या यंत्रातील ग्रीस सुकलेले असते, आणि “चालू स्थितीत” या विक्रेत्याच्या शब्दांचा अर्थ अनेकदा शटरचा आवाज येतो एवढाच असतो.

प्रश्न : जुना कॅमेरा प्रत्यक्ष हातात घेतल्यावर दुकानातच काय तपासावे? (नागपूर)

सुरुवात रेंजफाइंडरपासून करावी. लेन्स अनंतावर (∞ खुणेवर) टेकवून निदान अर्धा किलोमीटर दूरचा मनोरा किंवा पाण्याची टाकी पाहावी. दोन्ही प्रतिमा एक झाल्या पाहिजेत. आडव्या दिशेने थोडा फरक असला तर जाणकार कारागीर तो सहज काढतो. एक प्रतिमा वर आणि एक खाली दिसत असेल तर तीही दुरुस्ती होते, पण ती अधिक किचकट असते. त्यानंतर मोजपट्टी घेऊन १ मीटरवर एखादे छापील पान धरावे आणि जुळणी झाल्यावर लेन्सवरचा आकडा पाहावा. हे अंतर लेन्सच्या तोंडापासून मोजायचे नसून कॅमेऱ्याच्या आतील फिल्मपासून मोजायचे असते. अनंताला बरोबर आणि १ मीटरला चूक अशी स्थिती असेल तर दोष बॉडीचा की लेन्सचा हे ओळखण्यासाठी दुसरी लेन्स लावून पाहणे हाच उपाय आहे.

मधला ठिपका फिकट दिसत असेल तर आतल्या आरशाचा मुलामा उडाला आहे असे समजावे. तो बदलणे खर्चाचे काम आहे. व्ह्यूफाइंडरच्या पुढच्या काचेवर, नेमका मध्यभागी, काळ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला की ठिपका उठून दिसू लागतो. तात्पुरता निभाव लागतो, पण किमतीची घासाघीस करताना हा उपाय विक्रेत्याला सांगण्याचे कारण नाही.

त्यानंतर पाठ उघडून, लेन्स काढून, पांढऱ्या भिंतीकडे रोखून प्रत्येक वेगावर शटर दाबावे. १ सेकंदाला पडदा मध्येच अडकतो का आणि वरच्या वेगांना चौकटीची एक बाजू काळी राहते का, हे पाहावे. कापडी पडद्याच्या कॅमेऱ्यात दुकानातला दिवा मालवून आतून मोबाइलचा टॉर्च लावावा आणि समोरून पाहावे. सुईच्या टोकाएवढी छिद्रे चांदण्यांसारखी चमकतात. लेन्स उन्हाकडे रोखलेली राहिली की भिंगातून एकवटलेला सूर्यप्रकाश कापड जाळतो, त्यातून ही छिद्रे पडतात. हे टाळण्यासाठी कापडी पडद्याच्या रेंजफाइंडरला वापरात नसताना टोपी लावूनच ठेवावी.

प्रश्न : जाड भिंगांचा चष्मा आहे आणि ३५ मिमी लेन्स आवडते. कोणता कॅमेरा सोयीचा? (मुंबई)

कॅनन पी तुमच्यासाठी नाही. त्यातील ३५ मिमीची चौकट अगदी कडेला आहे आणि चष्मा लावून तिचे चारही कोपरे एका वेळी दिसत नाहीत. झोर्की-४ आणि फेड-२ यांच्या खिडकीत फक्त ५० मिमीचे दृश्य दिसते, म्हणजे अधिक रुंद दृश्य टिपणाऱ्या ३५ साठी वेगळा फाइंडर वर बसवावा लागतो. शिवाय त्यांच्या नेत्रिकेचे धातूचे कडे चष्म्याच्या काचेवर ओरखडे पाडते. त्यांच्यात दृष्टीनुसार जुळवणी करण्याची सोय आहे, पण सिलिंड्रिकल नंबरासाठी तिचा उपयोग होत नाही. कॅनन ७ मध्ये दृश्य ०.८ पट दिसते, बेसा आर मध्ये ०.६८ पट, आणि दृश्य जितके लहान तितकी चौकट चष्म्यातून सहज दिसते. तुम्ही थोडे थांबून, पैसे साठवून बेसा घ्यावा असे मी सुचवेन. त्याची जुळणी लांब लेन्ससाठी तितकी काटेकोर नाही, पण ३५ मिमीला ती पुरून उरते.

प्रश्न : ज्युपिटर-८ ही ५० मिमी एफ/२ लेन्स माझ्या बेसा आर वर लावली. दूरचे फोटो उत्तम येतात, जवळचे चेहरे किंचित मऊ येतात. लेन्स खराब आहे का? (न्यू जर्सी)

बहुधा नाही. लायकाच्या पद्धतीत प्रमाण ५० मिमी लेन्सची प्रत्यक्ष फोकल लेंग्थ (केंद्रांतर) ५१.६ मिमी धरलेली आहे, तर ज्युपिटर-८ ही झाइस या जर्मन कंपनीच्या सोन्नार लेन्सवरून तयार झालेली असल्याने ती ५२.४ मिमीच्या हिशेबाने चालते. सोव्हिएत बॉडी त्याच हिशेबाने जुळवलेल्या असतात. जपानी बॉडी लायकाचा हिशेब पाळतात, त्यामुळे तिथे अनंतावर सर्व ठीक असले तरी जवळ येताना फोकस किंचित मागे सरकतो. एफ/२ वर, म्हणजे पूर्ण खुल्या छिद्रावर, १ मीटर अंतराला फोकसची एकूण खोली (स्पष्ट येणारा पट्टा) सुमारे ५ सेंटीमीटर असते, म्हणजे डोळ्यांऐवजी कान स्पष्ट यायला एवढी चूक पुरते. एफ/८ वर ३ मीटरला हीच खोली पावणेदोन मीटरच्या घरात जाते आणि दोष कोठेच जाणवत नाही. जवळची व्यक्तिचित्रे एफ/४ किंवा त्याहून बंद छिद्रावर काढावीत. खुल्या छिद्राचाच आग्रह असेल तर ही लेन्स फेडवर वापरावी आणि बेसासाठी कॅननची ५० मिमी एफ/१.८ शोधावी, मात्र या कॅनन लेन्समध्ये छिद्राच्या मागच्या काचेवर धुरकटपणा येण्याची खोड आहे, तेव्हा टॉर्च लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

प्रश्न : एका व्यक्तीकडे सोनेरी रंगाचा, जर्मन हवाई दलाचे चिन्ह कोरलेला लायका आहे. किंमत फारच कमी सांगतो. घ्यावा का? (कोल्हापूर)

शोभेची वस्तू म्हणून घ्यायचा असेल तर खुशाल घ्यावा. असे बहुतेक कॅमेरे मुळात फेड किंवा झोर्की असतात, त्यांच्यावर नंतर नाव आणि चिन्हे कोरलेली असतात. लेन्स काढून आत वरच्या बाजूला पाहावे : अस्सल लायकात फोकसची जोडणी करणारा भाग फिरणाऱ्या छोट्या चाकाचा असतो, सोव्हिएत बॉडीत तिथे पाचरीच्या आकाराचा तुकडा असतो.

प्रश्न : वडिलांचा याशिका इलेक्ट्रो ३५ घरात आहे. त्याची लेन्स बदलता येते का? (सोलापूर)

येत नाही. त्याची ४५ मिमी एफ/१.७ लेन्स कायमची बसवलेली आहे. पण रेंजफाइंडरची पद्धत तुम्हाला मानवते का हे ठरवण्यासाठी यापेक्षा स्वस्त मार्ग नाही. मूळची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. योग्य अडॅप्टर घालून ६ व्होल्टची बॅटरी वापरावी आणि चार-पाच रोल काढल्यावरच नव्या खरेदीचा विचार करावा.

प्रश्न : विकत घेतलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे काहीतरी दिसते. परत करावी का? (रत्नागिरी)

ती बुरशी आहे, आणि परत करण्याची मुदत उलटली नसेल तर लेन्स परत करावी. सुरुवातीची बुरशी उघडून पुसता येते, पण तिने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर खुणा राहतात. ठेवायचीच असेल तर साफ होईपर्यंत ती इतर लेन्सपासून दूर ठेवावी. कोकणच्या पावसाळ्यात कॅमेरा चामडी केसमध्ये कधीही ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढे पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे, आणि तो वर सरकू लागला की पुड्या तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात.