गोठ्यातलं गवत, बांबूचं नखेत्र

प्रश्न : शेजारच्या घरी नाताळच्या गोठ्यात पेरून उगवलेलं हिरवं गवत असतं, अगदी आपल्या नवरात्रातल्या घटासारखं. ही रीत कुठली? यंदा मुलांना घरी गोठा करायचाय, तेव्हा गवत कसं पेरायचं तेही सांगा.
– एक वाचक, म्हापसा

गोठ्याची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याची, सुरुवात इटलीतल्या ग्रेच्चो गावची, 1223 सालच्या नाताळची. असिसीच्या संत फ्रान्सिसने तिथे गव्हाणीत चारा घालून खराखुरा बैल आणि गाढव उभं केलं आणि गव्हाणीशीच मिसा, म्हणजे चर्चची उपासना, करवली. गंमत म्हणजे हे दोन प्राणी बायबलमधल्या जन्मकथेत नाहीतच. लूकच्या शुभवर्तमानात फक्त गव्हाण येते. बैल-गाढव आले ते जुन्या करारातल्या यशयाच्या एका ओळीवरून. बाळ येशूच्या भेटीला आलेले राजे तीनच, हेही शुभवर्तमानकार मत्तयाने लिहिलेलं नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा भेटी तीन, म्हणून राजे तीन धरले गेले.

धान्य पेरायची रीत पोर्तुगालातही आहे. तिथे दक्षिणेकडे 8 डिसेंबरच्या सुमारास बशांत गहू पेरतात आणि ते रोप बाळ येशूपुढे मांडतात. घटाशी साम्य दिसतं खरं, पण तेवढ्यावरून एकाने दुसऱ्याचं उचललं असं म्हणू नये.

आता पेरणी. गहू 15 डिसेंबरला पेरा, नाचणी 12 ला; नाचणीचं गवत बारीक आणि देखणं होतं, पण वेळ घेतं. वीतभर रुंदीच्या, बुडाला भोक असलेल्या ताटलीला मूठभर गहू पुरतो. तो रात्रभर भिजवा, उपसून फडक्यात बांधा, मोड डोकावले की दोन बोटं मातीवर एकेरी पसरा आणि वर मातीचा पातळ थर द्या. दाण्यावर दाणा पडला की पांढरी बुरशी धरलीच. पाणी दिवसातून दोनदा, फक्त शिंपडून. घट अंधारात ठेवला की रोप पिवळं येतं. गोठ्याला हिरवं हवं, म्हणून कोंब दिसताच ताटली उजेडात आणा. नाचणीला मुंग्या लागतात, तेव्हा तिची ताटली पाण्याच्या परातीत विटेवर ठेवा. सुक्या गवताजवळ दिव्यांची माळ मात्र टेकू देऊ नका.

बाळाची मूर्ती 24 च्या मध्यरात्रीपर्यंत ठेवत नाहीत, गव्हाण रिकामी असते. राजे लांबून थोडे थोडे पुढे सरकवत 6 जानेवारीला, म्हणजे राजांच्या फेस्ताला (सणाला), गोठ्यापाशी आणतात. मुलांना हा भाग फार आवडतो.

प्रश्न : बांबूचं नखेत्र, म्हणजे नाताळचा ताऱ्याचा कंदील, घरी केलं, पण ते वाकडं झालं आणि दुसऱ्याच रात्री कागद लोंबला. काय चुकलं?
– एक वाचक, फोंडा

वाकडेपणा बहुधा मापातला. 60 सेंटीमीटरच्या दहा कामट्या घ्या, पेरं तासून गुळगुळीत केलेल्या. प्रत्येकीवर दोन्ही टोकांपासून 23 सेंटीमीटरवर खूण करा. मध्ये 14 उरतील. पाच कामट्यांचा तारा मांडताना त्या याच खुणांवर एकमेकींना छेदल्या पाहिजेत. डोळ्यांनी अंदाज घेतला की एक पाय आखूड होतोच. असे दोन तारे करून पाचही टोकं जोडून बांधा, मग आतल्या पाच छेदांवर दोहोंच्या मध्ये 10 सेंटीमीटरचे पाच टेकू बसवा. टेकू बसेपर्यंत गाठी सैल ठेवा. आधीच करकचून बांधल्या की कामटी वाकत नाही, मोडते. टेकू तंतोतंत सारखे हवेत, नाहीतर तारा पिळवटतो. ओला बांबू वापरू नका. तो सुकला की गाठी ढिल्या पडतात.

कागद : पुढच्या पायाचा त्रिकोण 23, 23 आणि 14 चा, बाजूचा 23, 23 आणि 10 चा, दोन्हींना दुमडायला एकेक सेंटीमीटर जास्त. लोंबतो तो डिसेंबरच्या दंवाने. पतंगी कागद ताणून न चिकटवता सैल लावला असेल तर तो दंवात आणखी सैल होतो. तारा पडवीच्या आत टांगा. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घातला तर झुरळं खात नाहीत, पण तो विषारी. मुलांचे हात त्यात नकोत. मागचा एक त्रिकोण उघडा ठेवून 5 वॉटचा एलईडी बल्ब आत सोडा. जुना 60 वॉटचा बल्ब कागद करपवतो.

आकाशकंदील करणाऱ्याला यातलं काहीच अवघड नाही. दिवाळीतल्या उरलेल्या कामट्या असतील तर त्याच चालतील.

प्रश्न : 25 डिसेंबर ही मुळात रोमन सूर्याच्या सणाची तारीख, हे खरं का?
– एक वाचक, मडगाव

अर्धवट. बायबलमध्ये येशूची जन्मतारीखच नाही. 25 डिसेंबरची नोंद रोममध्ये 354 साली तयार झालेल्या पंचांगवजा ग्रंथात सापडते आणि ती 336 पर्यंत मागे जाते. त्या दिवशीच्या अजिंक्य सूर्याच्या सणाची सर्वात जुनी नोंदही त्याच ग्रंथात आहे, त्यामुळे आधी कोण हे त्यावरून ठरत नाही. दुसरा हिशेब असा : गर्भधारणा 25 मार्चला धरली की नऊ महिन्यांनी 25 डिसेंबर येतो.

प्रश्न : ‘नाताळ’ शब्द मराठी की कोकणी?
– एक वाचक, डिचोली

पोर्तुगीज ‘नाताल’, त्यामागे जन्मासंबंधीचा लॅटिन शब्द. मध्यरात्रीच्या मिसेला पोर्तुगीजमध्ये ‘मिसा दु गालु’ म्हणतात, म्हणजे कोंबड्याची मिसा.