बारावीला ५४ टक्के आणि डोक्यात एमपीएससी

भाऊ, तुमच्या पुतण्याला बारावी सायन्सला ५४ टक्के, घरचे म्हणतात इंजिनिअरिंग आणि तो म्हणतो पुण्याला जाऊन एमपीएससी. मी चोपडा तालुक्यात २६ वर्षं ज्युनिअर कॉलेजला शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेला पदवी लागते, त्यामुळे आज पुण्याला जाऊन तो करणार काय? तुमच्या यावलहून फैजपूरला ये-जा करून पदवी होते, वाचन घरी सुरू करता येतं. खाकीच हवी असेल तर पोलीस शिपाई भरती बारावीवर आहे. लेखी १०० मार्कांची, मैदानी ५०. पण मैदानीतल्या १६०० मीटर धावण्याची तयारी महिन्याभरात होत नाही.

माझा एक विद्यार्थी पाच वर्षं पुण्यात होता. हुशार पोरगा. एकदा पूर्व परीक्षा तीन मार्कांनी हुकली आणि त्या तीन मार्कांच्या आशेवर आणखी दोन वर्षं गेली. बापाने सगळा खर्च वहीत मांडला होता: खोली, मेस, अभ्यासिका, महिन्याला ११-१२ हजार. कापूस विकला त्या तारखेपुढे पाठवलेली रक्कम. वही दाखवताना तो माणूस पोराबद्दल एक शब्द वाकडा बोलला नाही. मला मात्र अजून रुखरुख लागते, कारण 'जा, तू नक्की होशील' असं त्याला मीच म्हटलं होतं. किती वर्षं द्यायची, पैसा किती आणि नाहीच झालं तर पुढे काय, हे विचारलंच नव्हतं.

तुम्ही विचारा. रागावून नको, रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून. थांबायची तारीख त्याच्याच हाताने लिहून घ्या.

इंजिनिअरिंगला फक्त जागा मिळतेय म्हणून पाठवू नका. बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, हे पुष्कळ घरांना ठाऊकच नसतं. मोटार खोलून बघणारा पोरगा असेल तर आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा फिटर, दोन वर्षं. पुढे भुसावळला रेल्वेत, वरणगावच्या आयुध निर्माणीत अप्रेंटिसशिपसाठी अर्ज करता येतो. अप्रेंटिस म्हणजे कायमची नोकरी नव्हे, मुदत संपली की बाहेर पडावं लागतं. हेही त्याला आत्ताच सांगा.

आणि ठरवण्याआधी एखाद्या वायरमनसोबत, एखाद्या तलाठ्यासोबत त्याला एकेक पूर्ण दिवस काढू द्या. संध्याकाळी घरी आला की काय बोलतो ते ऐका.

फिजिक्स, केमिस्ट्री, गणिताचे मार्क आणि सीईटीचा निकाल कळवा, मग कॉलेजचं बोलू.