‘चुका असतील तर माफ करा’ हे वाक्य खोड

बाळा,

तुझं पत्र पोहोचलं. मॉरिशसहून दोन पानं मराठीत लिहिलीस, त्यात ‘माझा पेटी मोठा आहे’ असंही लिहिलंस आणि शेवटी ‘चुका असतील तर माफ करा’. पेटी ‘ती’ असते, हे येईल हळूहळू लक्षात. ते शेवटचं वाक्य मात्र खोड. तू सोलापुरात शिकायला येतेयस, इथे त्याचा काही उपयोग नाही.

माझ्या माहेरी तेलुगू. आजोबा हातमागावर बसायचे, आजूबाजूला सगळी आमची पद्मशाली विणकरांची वस्ती. डाव्या हाताच्या घरात कानडी, मागच्या गल्लीत उर्दू. मराठी मी शाळेत शिकले आणि पुढे 31 वर्षं तीच शिकवली. पोरांच्या वहीत ‘काय करतोयस’ऐवजी आमचं सोलापुरी ‘काय करलालास’ दिसलं की लाल रेघ मारायची आणि घरी आल्यावर भावाला विचारायचं, ‘काय करलालास रे?’ गावचं दैवत सिद्धेश्वर, बाराव्या शतकातले. त्यांची वचनं कानडीत आहेत. तुझे खापरपणजोबा कोकणातून ऊसमळ्यात कामाला गेले, तू घरी क्रिओल बोलतेस आणि मराठी शाळेत शिकलीस. म्हणजे माझ्यासारखीच की. इथे तुला हसणारा माणूस भेटलाच, तर त्याला पुण्याच्या माणसासमोर उभं करून बोलायला लाव.

हाक मारताना ‘अरे’सारखा वापरतात तो ‘बे’ हा शब्द मात्र जपून. पहिल्याच आठवड्यात कानावर येईल आणि गोड वाटेल. मैत्रिणींत चालतो, सरांना नाही, रिक्षावाल्या काकांना तर मुळीच नाही.

आता कागदपत्रं. कंटाळवाणी आहेत, म्हणून आधी उरकते. विद्यार्थी व्हिसा 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असला की आल्यापासून 14 दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. अर्ज ऑनलाइन भरायचा. त्याला विद्यापीठाचं बोनाफाईड लागतं, राहत्या जागेचा पुरावा लागतो. म्हणून खोली ठरवताना भाड्याच्या आधी विचार, ‘कागद करून द्याल ना?’ ‘कशाला ते, आपल्याच घरचं समज’ म्हणणारा मालक प्रेमळ असेल, पण ती खोली घेऊ नकोस. बँकेत एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचं खातं उघडायचं आणि ते होईपर्यंत थोडी रोख जवळ ठेवायची, कारण इथे चहावालाही मोबाईल पुढे करतो. पासपोर्ट-व्हिसाच्या दहा-बारा झेरॉक्स आणि पासपोर्ट साइजचे फोटो कायम पिशवीत असू देत.

आमच्या माडीवर एक परदेशी विद्यार्थी राहायचा. एका कार्यालयात त्याला तीन दिवस ‘उद्या या’ एवढंच सांगितलं. चौथ्या दिवशी मी सोबत गेले, तेव्हा कळलं की फोटोची पार्श्वभूमी पांढरी नाही, एवढीच अडचण. तिघांनी फोटो पाहिला होता, बोललं कुणीच नाही. खिडकीवर विचारायचं वाक्य आजच पाठ कर: ‘नक्की काय कमी आहे, या कागदावर लिहून देता का?’ पेन पण तूच पुढे कर.

याच मुलाच्या बाबतीत माझी एक चूक झाली, तीही सांगते. सोलापूरला पाणी येतं भीमेवरच्या उजनी धरणातून, शंभर किलोमीटरहून लांब. नळाला रोज येत नाही. कधी तीन दिवसांनी, कधी चार-पाच, आणि वेळ रात्रीची असली तरी तक्रार करायची नाही. त्या दिवशी गल्लीचा नूरच वेगळा असतो. कुणीतरी ‘पाणी आलं!’ म्हणून ओरडतं, मोटारी सुरू होतात, पिंपं, हंडे, कळश्या, शेवटी तांब्ये आणि पातेलीसुद्धा भरतात. लग्नाला गेलेली माणसं जेवण टाकून परत आलेली मी पाहिली आहेत. तर हा मुलगा रोज निवांत दोन-तीन बादल्या अंघोळ करायचा. आमचं पिंप दुसऱ्याच दिवशी खडखडीत. मी महिनाभर काही बोलले नाही. परक्या देशातून आलेलं लेकरू, त्याला पाण्यावरून कसं बोलायचं? मनात मात्र धुसफुसत राहिले, त्याच्याशी बोलणं तुटक झालं, आणि त्याला वाटलं, बाईंना आपण नकोसे झालोय.

एका रात्री शेवटी ओरडले त्याच्यावर, जिन्यात उभं राहून, मराठीतच. त्याला पन्नास टक्केही कळलं नसेल. पण पुढच्या पाणीवाराला रात्री दीडला तो खाली आला आणि हंडे उचलायला लागला. शेजारची अव्वा त्या दिवसापासून त्याला नावाने हाक मारू लागली. तोवर तो ‘माडीवरचा पाहुणा’ होता.

म्हणून आल्या आल्या घरमालकिणीला विचार, ‘पाणी कधी येतं, माझ्या वाट्याला किती?’ एक बादली, एक मग. केस धुवायचे ते पाणी येतं त्या दिवशी.

जेवणाचं फारसं सांगत नाही, तू खाशीलच. मेसचा डबा लावलास तर ज्वारीची भाकरी आहे का ते बघ. कडक भाकरी पापडासारखी पातळ असते आणि महिनाभर टिकते. ती दह्यात मोडायची, वर शेंगाचटणी. चटणी उखळात कुटलेली घे, तेल सुटलेली. मिक्सरची कोरडी भुकटी नको. परीक्षेच्या रात्री दुसरं काही लागत नाही. हिवाळ्यात कुणी हुरड्याला शेतावर बोलावलं तर जर्नल अपुरं असलं तरी जा. (हे मी शिक्षिका म्हणून लिहीत नाहीये.)

विद्यापीठ शहरात नाही, पुणे रस्त्यावर केगावला आहे. 2004 साली फक्त या एका जिल्ह्यासाठी निघालं, त्यामुळे वर्गातली बरीच मुलं अक्कलकोट, बार्शी, मोहोळ, सांगोल्याकडची असतील. रोज तासभर एसटीने येणारी. इंग्रजीत तुझ्याशी बोलायला ती बिचकतील, जशी तू मराठीत बिचकतेस. तूच आधी मराठीत चूक कर, म्हणजे त्यांची जीभ सुटेल. परीक्षेचं वेळापत्रक हातात पडेपर्यंत घरी जायचं विमानाचं तिकीट काढू नकोस. तारखा सरकतात.

एप्रिल-मेचा उन्हाळा तुला जड जाईल. तुमच्याकडे तेव्हा हवा थंड व्हायला लागते, इथे पारा 42-43 वर. तुला समुद्राच्या वाऱ्याची सवय, इथला वारा भट्टीतून आल्यासारखा येतो. दुपारी बारा ते चार बाहेर पडायचं नाही, आणि पडलीस तर डोक्याला ओढणी आणि पिशवीत पाणी.

जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. सात नंदीध्वज निघतात. उंच, जड काठ्या, त्या पेलणारी पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, आणि अक्षता टाकायला उसळलेलं गाव. त्या गर्दीत मराठी, कानडी, तेलुगू एकाच वाक्यात ऐकू येईल. वही नको नेऊस. पायात जुनी चप्पल घाल, हरवतेच.

आमच्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला गेले, तिथली भाषा शिकून रोग्यांशी तिच्यातच बोलले आणि 1942 मध्ये तिथेच वारले, वयाच्या 32व्या वर्षी. भय्या चौकाकडे त्यांचं स्मारक आहे, तुला एकदा घेऊन जाईन.

पेटीत पांघरूण भरू नकोस. चादरींच्या गावाला येताना चादर आणू नये, शिवाय विमानाचं वजन वाचेल. मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने ये. रात्री बसलीस की सकाळी सोलापूर. वंदे भारत चकाचक आहे, पण ती रात्री उशिरा पोहोचवते आणि नव्या मुलीने नव्या गावात तशा वेळी उतरू नये असं माझं मत.

मी स्टेशनवर येईनच. पण त्या सकाळी नळाला पाणी आलेलं असलं तर अर्धा तास उशीर होईल. तेवढं फलाटावरच थांब, चहा घे, आणि चहावाल्याशी मराठीत बोल.

तुझ्या,
सोलापूरच्या बाई