वाचक विचारतात: जुनी गॅरँड की नवी?

प्रश्न: क्लबात १०० यार्डांवर नेमबाजी करतो. दुसऱ्या महायुद्धातली अस्सल एम-वन गॅरँड, म्हणजे अमेरिकी सैन्याची तेव्हाची रायफल, घ्यायची फार इच्छा आहे. दुकानदार म्हणतो, जुन्याच्या नादी लागू नका, आत्ताची नवी बनवलेली घ्या. काय करावं? (वाचक, ऑस्टिन, टेक्सास)

उत्तर: अस्सल घ्या, पण मोजूनमापून घ्या. रायफल १९४३ सालची असली म्हणून ती थकलेली असेलच असं नाही. दुरुस्ती कारखान्यात १९५० च्या दशकात नवी नळी बसवलेल्या कितीतरी गॅरँड आजही उत्तम चालतात. बोल्ट मागे खेचायची मूठ ओढली की नळीच्या उजव्या बाजूला महिना आणि साल कोरलेलं दिसतं, ते आधी वाचा. (त्याआधी चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे ना, हे डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही तपासा.)

नळी दोन ठिकाणी झिजते. मागे, जिथे गोळी पुंगळीतून सुटून आट्यांत (नळीच्या आतल्या पिळदार खाचांत) शिरते, तिथलं पोलाद तापलेल्या वायूने झिजतं. पुढच्या तोंडाची झीज मात्र बहुतेक साफसफाईमुळे होते. या रायफलीच्या मागून गज घालायला वाट नाही, त्यामुळे सैनिक पोलादी गज पुढूनच घालायचे आणि तो तोंडाशी घासत राहायचा. दोन्ही झिजांसाठी वेगवेगळे गेज मिळतात. मागे ५ च्या आत आणि पुढे ३ च्या आत आकडा आला, तर ती नळी तुम्हाला बरीच वर्षं पुरेल. गेज नसेल तर दारू आणि कॅप नसलेलं डमी काडतूस गोळीच्या बाजूने नळीच्या तोंडात घाला. गोळी थेट पुंगळीच्या कडेपर्यंत आत गेली, तर रायफल परत ठेवा.

या रायफलीत गोळीमागचा वायूच बोल्ट मागे ढकलतो, म्हणून त्या वायूच्या जागीही मोजमाप हवंच. ऑपरेटिंग रॉडच्या (बोल्ट मागे ढकलणाऱ्या दांड्याच्या) टोकाचा पिस्टन नवा असताना ०.५२६ इंच असतो. तो ०.५२५ च्या खाली गेला किंवा तो ज्यात सरकतो त्या गॅस सिलिंडरचं भोक ०.५३२ च्या वर गेलं, की वायू निसटतो, बोल्ट पुरता मागे येत नाही आणि रिकाम्या पुंगळ्या अडकायला लागतात. दोन्ही भाग बदलता येतात, पण तो खर्च किमतीतून वळता करून घ्या. शेवटी ट्रिगर गार्ड (चापाभोवतीची कडी) बंद करून पाहा. शेवटच्या टप्प्यात तो जोर लावूनच बसायला हवा. सहज मिटला तर दस्त्याचं लाकूड दबलंय, आणि अशा रायफलीचे नेम विखुरतात.

एका गोष्टीला भुलू नका. ‘सगळे भाग मूळचे’ असं सांगून विक्रेते बरीच जादा किंमत लावतात. गॅरँडच्या सुट्या भागांवर रायफलीचा नंबर कधीच नव्हता, असतो तो आराखड्याचा क्रमांक. दुरुस्तीत सगळे भाग एकत्र मिसळले जायचे. त्यामुळे सरमिसळ हीच या रायफलीची खरी अवस्था, आणि नेमबाजीत त्याने काही बिघडत नाही.

आता नवीबद्दल. मॅसॅच्युसेट्समधला सरकारी स्प्रिंगफील्ड कारखाना १९६८ मध्ये बंद झाला. १९७४ मध्ये इलिनॉयमधल्या एका खाजगी कंपनीने तेच नाव घेतलं. नंबर ७० लाखांच्या पुढचा दिसला तर ती रायफल या कंपनीची, सैन्याची नव्हे. तिचा रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो मुख्य भाग) ओतीव पोलादाचा आहे. सैन्याच्या रायफलींचा घडीव. ओतीव म्हणजे लगेच टाकाऊ असं मी म्हणणार नाही. पण ‘नवी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक रायफलींत रिसीव्हर तेवढा नवा असतो आणि बाकीचे भाग जुन्या साठ्यातले वापरलेले. कोणकोणते भाग नवे आहेत, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या आणि हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यात जागा बरोबर आहे ना, ते गेजने तपासून घ्या. २०२४ पासून सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, म्हणजे सैन्याच्या जुन्या रायफली नागरिकांना विकणाऱ्या सीएमपी या संस्थेने नव्या घडीव रिसीव्हरची गॅरँडही काढली आहे. नवीच हवी असेल तर माझा कौल तिला.

सीएमपीकडून सैन्याची रायफल घ्यायला अमेरिकेचं नागरिकत्व, संलग्न क्लबचं सदस्यत्व आणि नेमबाजीचा पुरावा लागतो. ग्रीन कार्डवाल्यांना परवानाधारक दुकानाची वाट मोकळी आहे. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असणाऱ्यांना मात्र केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न: मोठ्या दुकानात मिळणारी शिकारीची .३०-०६ काडतुसं गॅरँडमध्ये चालतील का? (वाचक, शार्लट, नॉर्थ कॅरोलिना)

उत्तर: चेंबरमध्ये बसतील, पण वापरू नका. ही रायफल १५० ग्रेन वजनाच्या गोळीच्या, सुमारे २७४० फूट प्रतिसेकंद वेगाच्या सैनिकी काडतुसाभोवती बेतलेली आहे. शिकारीच्या काडतुसांत जड गोळी आणि सावकाश जळणारी दारू असते. गोळी वायूच्या छिद्रापाशी पोहोचते तेव्हाही दाब चढाच राहतो, आणि तो झटका लांबलचक ऑपरेटिंग रॉड वाकवतो. खोक्यावर ‘एम-वन गॅरँडसाठी’ असं छापलेलीच घ्या, नाहीतर दाब कमी-जास्त करता येणारा गॅस प्लग (गॅस सिलिंडरच्या तोंडाचं बूच) बसवा. महायुद्धकाळातली काडतुसं स्वस्तात मिळाली तर लक्षात ठेवा, त्यांच्या कॅपमधल्या क्षाराने नळी गंजते. तेल तो क्षार विरघळवत नाही. त्याच दिवशी नळी आणि गॅस सिलिंडर गरम पाण्याने धुवा, कोरडं करा आणि मगच तेल लावा. बोल्टच्या खुंट्यांना मात्र ग्रीसच हवं.

प्रश्न: इशापूरची, पुढच्या लाकडाला तांब्याची तार गुंडाळलेली .३०३ रायफल विकायला आली आहे. भारतातली म्हणून जीव अडकलाय. घेऊ का? (वाचक, फिनिक्स, ॲरिझोना)

उत्तर: संग्रहासाठी जरूर घ्या, झाडण्यासाठी सहसा नको. ती तार ग्रेनेड फेकण्यासाठी गुंडाळलेली असते, नळी फुटलीच तर लाकूड उडू नये म्हणून. या कामाला बहुधा आधीच वापरून झालेल्या रायफली निवडत, आणि ग्रेनेडचा धक्का जबर असतो. ‘डीपी’ असा शिक्का असेल तर ती कवायतीची रायफल. तिच्यात काडतूस घालूच नका. शिक्का नसेल तर नळीतून उजेडाकडे बघा. आत काळसर कडं दिसलं तर नळी तिथे फुगलेली आहे, आणि तार ते बाहेरून झाकते. तार सोडू मात्र नका, संग्राहकाच्या लेखी तीच महत्त्वाची.

झाडायलाही हवी असेल तर इशापूरची २ए१ शोधा. ती जुनी .३०३ बदलून केलेली नाही, १९६० च्या दशकात सुधारित पोलादात ७.६२ × ५१ मिमी नाटो काडतुसासाठीच बनवलेली आहे. मॅगझिन चौकोनी पेटीसारखं दिसतं आणि दस्त्याजवळच्या पट्टीवर ‘आरएफआय’ (रायफल फॅक्टरी, इशापूर) आणि साल असतं. तिच्यातही नाटो मापाचीच काडतुसं घाला, दुकानातली, जवळपास त्याच मापाची नागरी .३०८ नकोत, आणि पहिली गोळी झाडण्याआधी हेडस्पेस तपासून घ्या.