संप्रेरकग्राही: पेशींवर की पेशींत?

विट्याच्या एका जीवशास्त्राच्या शिक्षिकेने विचारलं आहे: 'लहान आतड्याच्या अस्तराच्या पेशींवर संप्रेरक ग्राही असतात' हे वाक्य (संप्रेरक म्हणजे हॉर्मोन, रक्तातून पेशींना निरोप नेणारं द्रव्य) वर्गात वाचलं, तर एक मुलगा म्हणाला, माझे आजोबा वैद्य आहेत, ते सुंठीला ग्राही म्हणतात. मग हा ग्राही कोणता? त्याऐवजी 'ग्राहक' चालेल का?

बाई, मुलाचं म्हणणं बरोबर आहे. आयुर्वेदात ग्राही हे औषधी द्रव्याचं विशेषण. सुंठ, जिरं, कच्चं बेलफळ ही ग्राही द्रव्यं. ती पचन सुधारतात, पातळपणा शोषतात, मळ बांधून धरतात. आतड्याचा जो भाग अन्न पचेपर्यंत धरून ठेवतो त्याला जुन्या ग्रंथांत ग्रहणी म्हटलंय, आणि तो बिघडून होणाऱ्या रोगालाही तेच नाव. दोन्ही शब्दांचा धातू एकच, 'ग्रह्', म्हणजे धरणं, घेणं. आतड्याच्या पेशींबद्दल बोलताना आपण पुन्हा त्याच धातूपाशी येतो, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

जीवशास्त्रातला ग्राही मात्र द्रव्याचा गुण नव्हे. ते पेशीतलं प्रथिन आहे. आपलं ठरावीक संप्रेरक आलं की ते त्याला धरतं, आणि त्यामुळे पेशीत पुढची कामं सुरू होतात. गुणग्राही, सारग्राही, टँकरच्या पाठीवर लिहिलेला ज्वालाग्राही, हे सगळे याच घडणीचे शब्द. म्हणून 'संप्रेरकग्राही' असं जोडूनच लिहावं. तोडलं की संप्रेरक हे ग्राहीचं विशेषण वाटू लागतं, जणू संप्रेरक तोच ग्राही. 'ग्राहक' नको. त्या शब्दावर दुकानाने केव्हाच हक्क सांगितलाय.

संप्रेरक की हॉर्मोन, हा वाद मी फार ताणणार नाही. पाठ्यपुस्तकांत संप्रेरक आहे. वाईला घडलेल्या मराठी विश्वकोशाने (पहिला खंड 1976) हॉर्मोन ठेवलं. दोन्ही चालतात. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी 1905 मध्ये हॉर्मोन हा शब्द वापरात आणला तो चेतवणं, हालवणं अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून; संप्रेरकात प्रेरणा आहेच. त्याआधी 1902 मध्ये त्यांना आणि त्यांचे सहकारी बेलिस यांना लंडनमध्ये सिक्रेटिन हे संप्रेरक सापडलं, तेही लहान आतड्याच्या अस्तरात.

इथे मुलांचा घोटाळा होऊ शकतो. संप्रेरक जिथे तयार होतं तिथेच त्याचा ग्राही असेल असं नाही. जठरातलं आम्ल लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरलं की तिथल्या काही पेशी सिक्रेटिन रक्तात सोडतात. त्याचे ग्राही स्वादुपिंडाच्या नलिकांच्या पेशींवर असतात, आणि मग तिथून आम्ल शमवणारा रस येतो. म्हणजे अस्तर काही संप्रेरकं पाठवतं आणि काही स्वतः घेतं.

आता बाईंनी न विचारलेलं, पण वाक्यातलं मला सर्वांत खटकणारं: 'पेशींवर'. इन्सुलिन हे प्रथिन आहे, पेशीचं पटल ओलांडून ते आत जाऊ शकत नाही. त्याचे ग्राही पटलावरच असतात. तिथे 'वर' अगदी चोख. ड जीवनसत्त्वाचं मूत्रपिंडात तयार होणारं क्रियाशील रूप हेही संप्रेरकच, पण ते मेदात विरघळतं आणि पटलातून आत शिरतं. त्याचा ग्राही पेशीच्या आत असतो, मुख्यतः केंद्रकात. तिथे जोडी जमली की कॅल्शियम वाहून नेणारी प्रथिनं तयार करणारी जनुकं जागी होतात आणि अन्नातलं कॅल्शियम रक्तात जाऊ लागतं. हा ग्राही जन्मतःच सदोष असेल तर रक्तात ड जीवनसत्त्वाचं हे रूप भरपूर असूनही मुलाला मुडदूस, म्हणजे हाडं मऊ पडून वाकण्याचा रोग, होतो. इतकी मोठी गोष्ट जिथे घडते, ती जागा 'वर' या एका शब्दाने पुसली जाते.

तेव्हा वाक्य असं करावं: 'लहान आतड्याच्या अस्तराच्या पेशींमध्ये विविध संप्रेरकग्राही असतात, काही पटलावर, काही केंद्रकात.' अनेकवचनात ग्राही तसाच राहतो, हत्तीसारखा: एक ग्राही, अनेक ग्राही. 'ग्राह्या' लिहू नये.