भारतीय बिअरमध्ये ग्लिसरीन घालतात का? बाटली पाण्यात उलटी धरली की ते निघून जातं का?

नाही, दोन्ही समज चुकीचे आहेत. मी वाळूजच्या एका ब्रुअरीच्या लॅबमध्ये काम करतो आणि हा प्रश्न मला अगदी घरच्या लग्नातही विचारला जातो.

ग्लिसरीन बिअरमध्ये असतंच, पण ते वरून ओतलेलं नसतं. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करताना थोडं ग्लिसरीनही बनवतं, लिटरला साधारण दीड-दोन ग्रॅम. जर्मन बिअरमध्येही ते सापडेल.

आता ती बाटलीची गोष्ट. उलट्या बाटलीच्या तोंडातून तेलकट धारा पाण्यात उतरताना दिसतात आणि ‘बघ, ग्लिसरीन निघालं’ म्हणतात. ती बिअरच असते. माल्टमधला, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातला, जो भाग यीस्टला पचत नाही, त्यामुळे बिअर पाण्यापेक्षा किंचित जड राहते. ती खाली येते, तिच्या जागी पाणी वर चढतं. कोकम सरबताने भरलेली बाटली अशीच उलटी धरून बघा, तशाच धारा दिसतील. ग्लिसरीन तर पाण्यात पूर्ण मिसळतं, ते असं वेगळं होऊन निथळणार कसं? तुम्ही फक्त पैसे देऊन घेतलेली बिअर पातळ करता. आणि सकाळी डोकं धरतं ते ग्लिसरीनने नाही, अल्कोहोलने. आपल्याकडच्या स्ट्राँग बिअरमध्ये ते ८ टक्क्यांपर्यंत असतं.

मग घालतात काय? बार्लीचा माल्ट, हॉप्स (कडवट चव देणारी फुलं), पाणी आणि यीस्ट तर असतंच. शिवाय स्वस्त पडावं आणि चव हलकी राहावी म्हणून तांदूळ, मका किंवा साखर. बिअर थंड केली की माल्टमधली प्रथिनं आणि टॅनिन एकत्र येऊन ती गढूळ दिसते. त्यावर जुना उपाय पपेनचा. कच्च्या पपईला चिरा दिल्यावर पाझरतो ना, त्या पांढऱ्या चिकातलं हे एन्झाइम प्रथिनं तोडतं. खानदेशातही असा चीक गोळा करतात. आता बऱ्याच ठिकाणी सिलिका जेल वापरतात, ते गाळणीतच अडकतं.

तरी तुमची शंका मला अजिबात फालतू वाटत नाही. १९६५-६६ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक शहरात फेस टिकावा म्हणून बिअरमध्ये कोबाल्टचा क्षार घातला होता. ती रोज भरपूर पिणाऱ्यांची हृदयं निकामी झाली, सुमारे २० जण दगावले. त्यानंतर तो क्षार घालणं बंद झालं.