इंजिन रूमच्या जाळीत कुठला फोम घालू?

प्रश्न: माझ्या बोटीला ४ लिटरचं टर्बो डिझेल इंजिन आहे. इंजिन रूमला हवा जाते त्या बाजूच्या जाळ्यांमागे काळा फोम होता, परवा साफ करायला काढला तर हातातच भुगा झाला, बोटांना डांबरासारखा चिकटला. आता दुसरा काय घालू? घरी सोफ्याचा फोम पडलाय, आणि एकजण म्हणतो एसीच्या फिल्टरचं बारीक कापड लाव, धूळ अजिबात जाणार नाही.

उत्तर: दोन्ही नको. आणि आधी टॉर्च घेऊन टर्बोच्या तोंडावरचा फिल्टर बघून घ्या, कारण तुमच्या हातात आला तो उरलेला भुगा, बाकीचा इंजिनने आधीच ओढलेला असणार.

फोम असा का झाला ते सांगतो, कारण नवा घेताना तेच उपयोगी पडेल. पॉलियुरेथेन फोम मुख्यतः दोन जातींचा असतो, एस्टर आणि ईथर. एस्टरवाला तेल-डिझेलला चांगला टिकतो पण ओल आणि उष्णता मिळून त्याला आतून तोडतात, आधी चिकट होतो मग भुगा, आणि बोटीत या दोन्ही गोष्टी चोवीस तास. ईथरवाला ओलीला खूप जास्त टिकतो. म्हणून दुकानदाराला "बोटीचा फोम द्या" एवढंच म्हणू नका, ईथर आहे का ते विचारा, आणि रेटिक्युलेटेड आहे का तेही, म्हणजे भोकांमधले पातळ पडदे काढलेला. उजेडासमोर धरला की नुसता सांगाडा दिसतो, वरून पाणी ओतलं की सरळ खाली पडतं. सोफ्याचा फोम पाणी धरून बसतो, ओलं पोतं टांगल्यासारखं, आणि तो पेटतोही पटकन. इंजिन रूममध्ये लावायचा म्हणजे आग सहज न धरणारा असा दाखला असलेलाच घ्या, यात काटकसर करू नका.

आता बारीक कापडाचं. या जाळीचं काम धूळ गाळायचं नाहीच मुळी, पाण्याचे शिंतोडे आणि खारे थेंब अडवायचं आहे, बारीक धुळीला इंजिनवरचा स्वतःचा फिल्टर आहे ना. फोमची जाडी-बारकी एका इंचात किती भोकं यावर मोजतात, तुम्हाला १० ते २० वाला भरड पुरे. तुमचं इंजिन ३००० आरपीएमला टर्बो नसता तरी मिनिटाला ६००० लिटर हवा ओढलं असतं (चार स्ट्रोक, म्हणजे दर दोन फेऱ्यांना ४ लिटर), टर्बोमुळे साधारण दुप्पट धरा, म्हणजे सेकंदाला २०० लिटर. ही हवा फोममधून सेकंदाला २ मीटरने जायची तर फोमची उघडी जागा सगळी मिळून ०.१ चौरस मीटर हवी, म्हणजे ४० बाय २५ सेंटीमीटर, आणि त्यात जाळीच्या पट्ट्या झाकतात ती जागा धरलेली नाही, रूम थंड ठेवायला लागणारी हवाही नाही.

मी एकदा शहाणपणा करून बारीक फोम लावला होता. फुल थ्रॉटलला धूर काळा, आणि इंजिन रूमचं झाकण उचलेना, मला वाटलं बिजागरी गंजली. इंजिन बंद केलं आणि झाकण अलगद वर आलं! ६० बाय ६० सेंटीमीटरच्या झाकणाखाली, रूमच्या आत, पाण्याच्या १ सेंटीमीटर उंचीएवढा जरी दाब कमी झाला तरी साडेतीन किलोचा जादा जोर बसतो. म्हणून नवा फोम बसवल्यावर पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तिच्यात पाणी भरा, एक टोक रूमच्या आत, एक बाहेर, आणि फुल लोडला नळीच्या दोन बाजूंच्या पाण्याच्या उंचीत किती फरक पडतो ते इंजिनच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा.

बसवताना तुकडा चौकटीपेक्षा ५-६ मिलिमीटर मोठा कापा, म्हणजे दाबून बसतो, गोंद लागत नाही. इंजिनच्या बाजूने स्टेनलेसची जाळी हवीच, उद्या तुकडा सुटला तर तो तिथे अडेल. अॅल्युमिनियमची जाळी स्टेनलेसच्या चौकटीत घालू नका, खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं. आणि खाली पाणी बाहेर जायची भोकं मोकळी आहेत ना बघा, बरेचदा रंगाने बुजलेली असतात.

प्रश्न: फोम पेट्रोलने धुतला तर तेलकटपणा लवकर जातो, चालेल का?

उत्तर: नाही. फोम फुगतो, आणि तो वास घेऊन इंजिन रूममध्ये परत लावणार? गोड्या पाण्यात थोडा साबण, दाबून काढा, पिळू नका, सावलीत वाळवा. बोटाने दाबून सोडल्यावर परत फुलला नाही किंवा चिकट लागला तर धुण्यात वेळ घालवू नका, बदला.